वनविद्येचे ऋण : ‘देर्सू उझाला’ आणि ‘जंगल लोअर’ यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

अरण्यात वावरण्यासाठी लागणारे ज्ञान ग्रंथातून मिळत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माग काढणे, वाऱ्याची दिशा ओळखून चालणे, ओल्या लाकडात आग पेटवणे, पाखरांच्या ओरडण्यावरून श्वापदाचा ठाव घेणे, पाणवठ्यावरच्या चिखलातून गेल्या रात्रीचा वृत्तान्त वाचणे, ही सारी कौशल्ये पाहून, ऐकून आणि प्रसंगी चुकून शिकली जातात. इंग्रजीत या कौशल्यांच्या समूहाला ‘बुशक्राफ्ट’ अशी संज्ञा आहे. मराठीत तिच्यासाठी ‘वनविद्या’ हा शब्द योजता येईल. ‘कौशल्य’ या शब्दापेक्षा ‘विद्या’ हा शब्द येथे अधिक उपयुक्त ठरतो. कौशल्य कोणालाही कमावता येते. परंतु विद्या म्हटली की गुरू, शिष्य आणि ऋण या तीन गोष्टी ओघानेच येतात.

वनविद्येच्या साहित्याविषयी विचार करताना एक अडचण प्रथम लक्षात घ्यावी लागते. ज्यांच्याकडे ही विद्या जन्माने आणि व्यवसायाने होती, त्यांनी बहुधा लिहिले नाही. ज्यांनी लिहिले, त्यांनी ती इतरांकडून शिकून घेतली होती. त्यामुळे वनविद्येचे साहित्य हे प्रामुख्याने शिष्यांचे साहित्य आहे. शिवाय हा शिष्य अनेकदा राज्यसत्तेशी जोडलेला असतो. तो कधी नकाशे काढणारा सैनिकी अधिकारी असतो, कधी शासक समाजात जन्मलेला शिकारी, तर कधी वनखात्यातील अधिकारी. गुरू मात्र निरक्षर शिकारी, गुराखी किंवा कायद्याच्या भाषेत ‘चोरटा शिकारी’ असतो.

अशा साहित्याचे मूल्यमापन केवळ निसर्गवर्णनाच्या सौंदर्यावर करणे अपुरे आहे. शिष्याने गुरूचे ऋण कसे मांडले, गुरूला स्वतःचा आवाज दिला की नाही आणि विद्या लेखणीत उतरल्यावर गुरूचे काय झाले, हे प्रश्नही समीक्षेच्या कक्षेत येतात. प्रस्तुत निबंधात व्लादिमीर अर्सेन्येव याचे ‘देर्सू उझाला’ आणि जिम कॉर्बेट याचे ‘जंगल लोअर’ या दोन ग्रंथांचा या दृष्टीने विचार केला असून, अखेरीस मराठी वनलेखनाच्या संदर्भात त्यातून निघणारे काही प्रश्न मांडले आहेत.

दोन शिष्य

अर्सेन्येव (१८७२–१९३०) हा रशियन सैन्यातील अधिकारी. रशियाच्या अतिपूर्वेकडील उस्सुरी प्रदेशात आणि सिखोते-अलिन पर्वतरांगेत त्याने १९०२, १९०६ आणि १९०७ मध्ये मोहिमा केल्या. या मोहिमांचे काम वाटा शोधण्याचे आणि नकाशे तयार करण्याचे होते. या प्रवासांवर त्याने लिहिलेला पहिला ग्रंथ १९२१ मध्ये आणि ‘देर्सू उझाला’ हा दुसरा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ग्रंथांच्या केंद्रस्थानी देर्सू हा नानाई जमातीचा वृद्ध शिकारी आहे. देवीच्या साथीत त्याची बायकामुले दगावली आहेत. त्याला घर नाही. बंदूक, पाठीवरचे ओझे आणि आयुष्यभराचे निरीक्षण एवढीच त्याची मालमत्ता. तो अर्सेन्येवला ‘कप्तान’ म्हणतो आणि त्याच्या तुकडीचा वाटाड्या होतो.

कॉर्बेट (१८७५–१९५५) याचा जन्म नैनितालचा. त्याच्या कुटुंबाचे हिवाळी घर पायथ्याच्या कालाढुंगी येथे होते आणि त्याचे खरे शिक्षण तेथील जंगलात झाले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुमाऊँच्या नरभक्षकांविषयीच्या पुस्तकाने तो जगभर पोहोचला. ‘जंगल लोअर’ हे १९५३ चे पुस्तक मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. येथे नरभक्षकाचा पाठलाग नाही. तो पाठलाग करण्याची क्षमता कशी घडली, याची ही हकिकत आहे. त्यामुळे हे पुस्तक कॉर्बेटच्या आत्मचरित्राच्या सर्वांत जवळ जाते.

दोन्ही ग्रंथांत काळ, भूगोल आणि भाषा यांचे अंतर आहे. तरीही त्यांची तुलना शक्य होते, कारण दोन्ही ठिकाणी लेखक आपले शिकणे हाच लेखनाचा विषय करतो. आपण काय पाहिले यापेक्षा पाहायला कसे शिकलो, याला येथे महत्त्व आहे.

वाचन म्हणून वनविद्या

दोन्ही लेखक वनविद्येकडे मुख्यतः वाचनाची एक रीत म्हणून पाहतात. देर्सू वाटेवरील खुणांवरून पुढे गेलेल्या माणसाचे वय सांगतो. चवड्यावर भर असेल तर चालणारा तरुण, टाचेवर भर असेल तर म्हातारा, असा त्याचा हिशोब आहे. सैनिकांना ही जादू वाटते आणि त्यांच्या आश्चर्याचेच देर्सूला आश्चर्य वाटते. डोळे असून ही माणसे पाहत कशी नाहीत, हा त्याचा प्रश्न आहे. या प्रसंगात गुरू-शिष्यांची जागा एका क्षणात बदलते. नकाशा काढणारा साक्षर अधिकारी निरक्षर ठरतो आणि अक्षरओळख नसलेला शिकारी वाचक ठरतो.

कॉर्बेटचे वाचन अधिक पद्धतशीर आहे. पाखरांचे वर्गीकरण तो शास्त्रीय कुळांप्रमाणे न करता कार्याप्रमाणे करतो. निसर्गाच्या बागेची शोभा वाढवणारी, तिला सुरांनी भरणारी, बिया पसरवून तिचे नूतनीकरण करणारी, धोक्याची सूचना देणारी, समतोल राखणारी आणि सफाई करणारी असे सहा गट तो पाडतो. कोतवाल, रानकोंबडा आणि सातभाई हे धोक्याची सूचना देणाऱ्यांच्या गटात येतात, तर गिधाडे, घारी आणि कावळे सफाई करणाऱ्यांच्या. हे वर्गीकरण प्राणिशास्त्राच्या कसोटीला उतरणारे नाही. परंतु जंगलात पायी हिंडणाऱ्या मुलाला नेमके काय माहीत असावे लागते, ते त्यात आहे. सातभाईंचा कलकलाट त्या मुलासाठी शोभेचा नसून वाचायचा मजकूर असतो.

बालपणीच्या भीतीचा प्रसंगही या दृष्टीने लक्षणीय आहे. डान्सी नावाच्या आयरिश माणसाने मुलांना ‘बॅन्शी’ या किंचाळणाऱ्या भुताच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. जंगलात तशीच किंकाळी ऐकू आल्यावर मुलगा घाबरतो. परंतु पुढे धीर करून तो आवाजाच्या उगमाशी जातो. वाऱ्याने एकमेकांवर घासणाऱ्या दोन झाडांचा तो आवाज असल्याचे त्याला दिसते. भीतीचे रूपांतर कुतूहलात आणि कुतूहलाचे ज्ञानात होण्याचा हा क्रम कॉर्बेट शांतपणे नोंदवतो. वनविद्या म्हणजे निर्भयता असा जो एक समज आहे, त्याला येथे छेद मिळतो. भीती नाहीशी होत नाही. तिला नेमका पत्ता मिळतो, एवढेच.

पुस्तकाच्या अखेरीस येणारा प्रसंग याहून सूक्ष्म आहे. रस्त्याच्या एका कडेने चालत असताना आपण मध्येच नकळत रस्ता ओलांडून दुसऱ्या कडेला गेलो होतो, हे कॉर्बेटला धुळीतील स्वतःच्याच पाऊलखुणांवरून कळते. मागाहून तपास केल्यावर टाळलेल्या बाजूला वाघ बसून होता, याच्या खुणा सापडतात. मनाने नोंद घेण्यापूर्वी शरीराने धोका ओळखला होता. कॉर्बेट याला गूढ शक्ती म्हणत नाही. दीर्घकाळ मुरलेल्या अभ्यासाचा तो परिणाम मानतो. ज्या विद्येचा प्रारंभ डोळसपणे पाहण्यापासून होतो, तिची परिणती पाहण्याची जाणीवही उरू नये अशा अवस्थेत होते. गायनात रियाज मुरला की स्वर आठवावे लागत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. या प्रसंगात माग काढणारा स्वतःचाच माग काढतो, ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही.

पुढच्या वाटसरूचा विचार

वाचनाच्या पातळीवर दोन्ही ग्रंथ समान भूमीवर उभे आहेत. नीतीच्या पातळीवर मात्र त्यांच्यात अंतर पडते. देर्सूच्या बाबतीत कौशल्य आणि नीती वेगळी काढताच येत नाहीत. रात्रीच्या मुक्कामानंतर निघताना तो झोपडीची डागडुजी करतो, लाकडे फोडून रचून ठेवतो आणि अर्सेन्येवकडून थोडे तांदूळ, मीठ आणि आगपेट्या मागून घेऊन त्या भूर्जाच्या सालीत बांधून आत टांगतो. तो पुन्हा तेथे येणार नसतो. कोणीतरी अनोळखी माणूस येईल, त्याला कोरडी लाकडे आणि अन्न मिळेल व तो मरणार नाही, एवढाच त्याचा विचार असतो. ज्याला कधी पाहिले नाही आणि जो कधी आभार मानणार नाही, अशा माणसासाठी केलेली ही तरतूद आहे. अर्सेन्येव येथे थांबतो आणि आपल्याला हे का सुचले नाही, असा प्रश्न स्वतःला विचारतो.

खान्का सरोवराच्या काठावरील प्रसंगात हीच वृत्ती जीवनमरणाच्या कडेवर दिसते. हिमवादळ आले आहे, अंधार पडतो आहे आणि लाकूड कोठेही नाही. देर्सू गवत कापायला सांगतो. थकलेला अर्सेन्येव कोसळतो. देर्सू गवत आणि तंबूचे कापड यांचा निवारा करून त्याला वाचवतो. विशेष म्हणजे या निवाऱ्यासाठी लागणारे सर्व साहित्य अर्सेन्येवच्या डोळ्यांसमोरच होते. त्या गवतात निवारा पाहण्याची दृष्टी तेवढी नव्हती.

देर्सूच्या बोलण्यात प्राणी, आग, पाणी, वारा हे सर्व ‘माणसे’ आहेत. वाघाला तो ‘अंबा’ म्हणतो आणि समोर आल्यास त्याच्याशी बोलतो. याला केवळ आदिम सर्वात्मवाद म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. परंतु तसे केल्यास त्यातील व्यवहार निसटतो. शेकोटीत टाकलेले मांस रानातील ‘इतर माणसांच्या’ वाट्याचे होते, म्हणून देर्सू रागावतो. उरलेल्या अन्नावर कोणाचा तरी हक्क आहे, हा त्या विश्वासाचा रोजच्या जीवनातील अर्थ आहे.

कॉर्बेटकडे नीती नाही, असे म्हणता येणार नाही. विनाकारण प्राणी मारू नये, जखमी जनावर सोडून जाऊ नये, याविषयी तो काटेकोर आहे. पुढे बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याकडे तो अधिक वळला. तरीही त्याच्या लेखनात विद्या व्यक्तीपासून वेगळी करून दुसऱ्याला देता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळालेल्या कॉर्बेटने मध्य प्रांतातील छिंदवाडा येथे सैनिकांना जंगलयुद्धाचे शिक्षण दिले. कालाढुंगीच्या जंगलात पाखरांकडून शिकलेली विद्या ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी उपयोगात आली. देर्सूची विद्या अशी सुटी करता आली असती का, हा प्रश्न येथे उभा राहतो. माग काढण्याचे तंत्र वेगळे काढता येईल. टांगून ठेवलेले तांदूळ त्या तंत्राच्या पाठोपाठ येतीलच, असे नाही.

‘चोरटा शिकारी’ आणि मोडकी भाषा

कॉर्बेटच्या गुरूंमध्ये सर्वांत महत्त्वाचा कुंवर सिंग. चांदनी चौक या गावाचा हा मुखिया जातीने ठाकूर होता आणि कालाढुंगीचा सर्वांत यशस्वी चोरटा शिकारी म्हणून कॉर्बेटने त्याची ओळख करून दिली आहे. बंदूक हाती आलेल्या मुलाला रानात कसे वागावे, हे त्याने शिकवले. उतारवयात अफूच्या व्यसनाने मृत्युपंथाला लागलेल्या कुंवर सिंगला कॉर्बेटने वाचवले. गुरू आणि शिष्य यांच्या जागा येथेही बदलतात आणि ऋणाची फेड होते. हे चित्रण अत्यंत जिव्हाळ्याचे आहे. परंतु ते ‘जंगल लोअर’मध्ये नसून ‘माय इंडिया’ (१९५२) या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणाच्या रूपाने येते. ‘माय इंडिया’ हे गरिबांच्या मायेचे पुस्तक आणि ‘जंगल लोअर’ हे ज्ञानाचे पुस्तक, अशी जणू वाटणी झाली आहे. ज्ञानाच्या पुस्तकात केंद्रस्थानी राहतो तो शिकणारा मुलगा. गुरू मायेच्या पुस्तकात जाऊन बसतो.

‘चोरटा शिकारी’ हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले निर्माण करण्याचा अधिकार शासनाला दिला आणि ज्या जंगलात गावकरी पूर्वापार वावरत होते, तेथील त्यांचा वावर परवानगीचा विषय झाला. कुमाऊँमध्ये या धोरणाविरुद्धचा असंतोष इतका वाढला की १९२१ मध्ये तेथे राखीव जंगलांना आगी लावण्यात आल्या. या पार्श्वभूमीवर कुंवर सिंगची शिकार ‘चोरटी’ कोणत्या दिवसापासून झाली, असा प्रश्न विचारता येतो. त्याच रानात प्रथम बेचकी आणि नंतर ठासणीची बंदूक घेऊन हिंडणाऱ्या मुलाला मात्र ते विशेषण लागत नाही. पुढे त्याच मुलाला एक सार्जंट मेजर .४५० मार्टिनी रायफल वापरायला देतो. विद्या एकच, एकाच्या हाती ती गुन्हा ठरते आणि दुसऱ्याच्या हाती शिक्षण. कॉर्बेटने हा शब्द कौतुकाने आणि किंचित मिश्कीलपणे वापरला आहे, म्हणून तो वाचकाला खटकत नाही. समीक्षकाला मात्र तो खटकायला हवा.

अर्सेन्येव या बाबतीत वेगळ्या ठिकाणी अडखळतो. त्याने देर्सूला केवळ प्रकरण दिले नाही, संपूर्ण ग्रंथ दिला. परंतु देर्सू या ग्रंथात मोडक्या रशियन भाषेत बोलतो. नानाई भाषेत तो कसा बोलत असेल, किती नेमका, किती विनोदी, किती कठोर असेल, याचा वाचकाला पत्ता लागत नाही. परक्या भाषेत अडखळणारा कोणताही प्रौढ माणूस मुलासारखा वाटतो. देर्सूचा जो निरागसपणा वाचकांना भावतो, त्यातील किती भाग त्याच्या स्वभावाचा आणि किती भाग त्या मोडक्या व्याकरणाचा, हे सांगणे कठीण आहे. शिवाय ग्रंथात ही भेट १९०२ मध्ये घडते. प्रत्यक्षात ती १९०६ मध्ये झाली, असे अर्सेन्येवच्या दैनंदिनींच्या आधारे अभ्यासकांनी दाखवले आहे. खान्का सरोवराचा प्रसंग ग्रंथात १९०२ च्या प्रवासात येतो, हे लक्षात घेतले तर देर्सू ही व्यक्ती आणि देर्सू ही साहित्यिक निर्मिती यांत फरक करावा लागतो. याने ग्रंथाचे मोल कमी होत नाही. परंतु गुरूला शब्द देणाऱ्या शिष्याने गुरूला घडवलेही, हे मान्य करावे लागते.

१९०८ : अभ्यासक्रम आणि मृत्यू

देर्सूची नजर अधू होते आणि १९०७ च्या मोहिमेनंतर अर्सेन्येव त्याला खाबारोव्स्क शहरात आपल्या घरी आणतो. या भागात ग्रंथ आपल्या सर्वोच्च उंचीवर पोहोचतो, कारण लेखकाने येथे स्वतःचा चांगुलपणा निष्फळ ठरताना दाखवला आहे. पाणी विकत घ्यावे लागते, हे देर्सूला समजत नाही. नदी तर भरून वाहते आहे. लाकडासाठी पैसे मोजावे लागतात, हेही त्याला समजत नाही. तो बागेतील झाड तोडायला जातो आणि पकडला जातो. ज्या कृतींनी रानात माणसे वाचत होती, त्याच कृती शहरात अपराध ठरतात. कुंवर सिंगवर कायद्याने जे केले, तेच येथे शहर करते. अखेर देर्सू रानाकडे परत निघतो आणि १९०८ मध्ये कोर्फोव्स्काया स्थानकाजवळ मारला जातो. अर्सेन्येव दोन देवदारांमधील जागेत त्याला पुरलेले पाहतो. काही काळाने तो परत येतो, तेव्हा देवदार नाहीसे झालेले असतात आणि बदललेल्या जागेत थडगे सापडत नाही. हा बदल करणाऱ्या वस्तीला वाट करून देण्याचे काम अर्सेन्येवच्याच नकाशांनी केले होते. लेखक हे ठळक शब्दांत बोलून दाखवत नाही; ग्रंथाची रचना ते दाखवते. अकिरा कुरोसावाने १९७५ च्या आपल्या चित्रपटाचा प्रारंभच या हरवलेल्या थडग्याच्या शोधापासून केला, यातून त्याची मर्मदृष्टी दिसते.

ज्या १९०८ मध्ये देर्सू मारला गेला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल याचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ प्रसिद्ध झाले. माग काढणे, निरीक्षण, रानातील मुक्काम यांचे धडे शहरी मुलांसाठी त्यात क्रमवार मांडले होते. साम्राज्याच्या सीमेवरील युद्धांत आणि तेथील स्थानिक लोकांच्या सहवासात जमा झालेले ज्ञान आता नागरिक घडवण्याचा अभ्यासक्रम झाले. दोन घटनांचे हे साहचर्य केवळ योगायोग आहे. परंतु तो बोलका आहे. विद्येला जगभर शिष्य मिळत होते, तेव्हा विद्यावंताला शहराजवळ जागा नव्हती. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये भारत सोडून केनियात गेलेला कॉर्बेट पुढे न्येरी येथील ‘पॅक्सटू’ या घरात राहिला. त्या घरात पूर्वी बेडन-पॉवेल राहत होता आणि दोघांच्याही समाधी न्येरीतच आहेत. कुंवर सिंगच्या शिष्याचे ‘जंगल लोअर’ हे पुस्तक कालाढुंगीपासून इतक्या दूर, केनियात असताना प्रसिद्ध झाले. त्यातील स्वच्छ, कोरड्या शैलीखाली वाहणारे हद्दपारीचे दुःख या स्थळामुळे अधिक जाणवते.

मराठी वनलेखनाच्या संदर्भात

वरील निकष मराठीला लावून पाहणे आवश्यक आहे, कारण मराठीतही वनविद्येचे लेखन मुख्यतः शिष्यांनीच केले आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे उदाहरण येथे प्रातिनिधिक ठरते. वनखात्यात छत्तीस वर्षे सेवा, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ यांसारखे ललित आणि आत्मपर ग्रंथ, ‘पक्षिकोश’सारखे कोशकार्य, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ मध्ये पद्मश्री असा त्यांचा प्रवास आहे. कॉर्बेट आणि अर्सेन्येव यांच्यापेक्षा त्यांचे वेगळेपण असे की, त्यांच्यासाठी वनविद्या प्रथमतः शब्दविद्या आहे. बगळ्यांच्या वीणवसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीत रुळवले. त्यांचे एक मूळ संस्कृत ग्रंथांत होते. दुसरे मूळ आदिवासी, ढीवर, पारधी, गुराखी यांच्या बोलीत होते.

येथे भाषेचा प्रश्न देर्सूच्या उलट दिशेने उभा राहतो. देर्सूचा माणूस म्हणून ग्रंथात प्रवेश होतो, पण त्याची भाषा बाहेर राहते. मराठी वनलेखनात बोलीतील शब्द ग्रंथात सन्मानाने येतो. पण तो उच्चारणाऱ्या माणसाची ओळख वाचकाच्या स्मरणात राहतेच, असे नाही. शब्दाच्या श्रीमंतीचे श्रेय लेखकाच्या नावे जमा होते. ही उणीव केवळ लेखकाची नाही. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारखा सोबती चितमपल्लींनी वाचकांसमोर आणला आहे. परंतु समीक्षेने आणि अध्यापनाने या लेखनाला ‘निसर्गचित्रण’ या एका सदरात बसवले आणि गुरूकडे पाहिलेच नाही.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि ती आवश्यकही होती. परंतु याच काळात रानाजवळच्या अनेक माणसांची विद्या गुन्ह्याच्या छायेत गेली, हेही तितकेच खरे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला मिळालेल्या सामूहिक वनहक्काने या नात्याची वेगळी मांडणी सुरू झाली. जंगल जाणणारा माणूस जंगलाचा राखणदार होऊ शकतो, हे कायद्याच्या भाषेत मान्य झाले. साहित्यसमीक्षेच्या भाषेत ते अद्याप पुरेसे मान्य झालेले नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१. वनविद्या ही मूलतः वाचनविद्या आहे. ‘देर्सू उझाला’ आणि ‘जंगल लोअर’ हे ग्रंथ साक्षरतेच्या रूढ कल्पनेला आव्हान देतात.

२. या विद्येतील तंत्र वेगळे काढता येते. नीती तशी काढता येत नाही. अर्सेन्येव हा फरक दाखवू शकला, कारण त्याने गुरूला कृतीत पाहिले. कॉर्बेटचे पुस्तक इंद्रियांच्या शिक्षणाचा अधिक सखोल आलेख देते. परंतु गुरूला ज्ञानाच्या ग्रंथाबाहेर ठेवते.

३. दोन्ही लेखक आपल्या गुरूंवर मनापासून प्रेम करतात. तरीही ‘चोरटा शिकारी’ हे विशेषण आणि मोडकी भाषा यांतून सत्तेचे अंतर ग्रंथात उतरते. प्रेमाने ते अंतर झाकले जाते, मिटत नाही.

४. गुरूच्या शोकान्तिकेतील स्वतःचा वाटा रचनेत येऊ देणे, ही शिष्यलेखकाच्या प्रामाणिकपणाची सर्वांत कठीण कसोटी होय. या कसोटीला ‘देर्सू उझाला’ अधिक उतरतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी सूचना करता येते. वनलेखनातील उतारा शिकवताना त्यातील उपमा आणि चित्रमयता यांच्याबरोबरच हे ज्ञान लेखकाला कोणाकडून मिळाले, हा प्रश्न वर्गात विचारला जावा. गोंदिया, गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा जिल्ह्यांतील वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला त्या पाखराचे नाव त्याच्या आजोबांच्या भाषेत ठाऊक असण्याची शक्यता असते. पाठ्यपुस्तकातील नाव फळ्यावर लिहून झाल्यावर ते दुसरे नावही विचारून शेजारी लिहिले गेले, तर ऋणाची नोंद तेथून सुरू होईल. देर्सूने टांगून ठेवलेले तांदूळही अनोळखी माणसासाठीच होते. ते सापडण्यासाठी झोपडीत शिरून वर पाहावे लागते.